सातपुड्याच्या वाघिणीस

भडगाव
१९ ऑगस्ट २०२४

सातपुड्याची वाघीण हिस,

तुझं खरं नाव मला माहीत नाही, म्हणून टीव्हीवर ओरडतात तेच वर घातलंय. 'सप्रेम नमस्कार' लिहायचा प्रश्नच येत नाही. मी प्रमिलाबाई प्रेमराज पाटील. काल जिला तू लोखंडी खुर्चीने मारलंस, त्या रोहिणीची आई.

तुमचा तो 'दणका' कार्यक्रम आमच्या घरी लागत नाही. पैसे भरले तरच लागतो म्हणे. शेजारच्या कुंदाबाईच्या सुनेने भरले आणि गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाया तिच्या घरात जाऊन बसलो. 'गिरणेची लेक' म्हणून माझी रोहिणी आली, तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग तू आलीस, डोळ्यांत वाटीभर काजळ घालून. पंचाची पाठ वळली आणि तू खुर्ची उचललीस. माझ्या हातातला चहा कुंदाबाईच्या नव्या चादरीवर सांडला. तो पंच तरी कसला! एवढी थोरली खुर्ची त्याला दिसत नाही?

निवेदक म्हणाला, तू शिरपूरकडची. म्हणजे खान्देशातलीच. आपलेच दात नि आपलेच ओठ, आता बोलावं तरी कुणाला?

रोहिणीचे वडील, नाना, जुने पहिलवान. लाल मातीत त्यांनीच तिला घडवली. गेल्या वर्षी ती कुस्ती सोडून जळगावला तुमच्या कंपनीत आली, तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीत. घरात फोन एकच, तो त्यांच्या खिशात. ती गुरुवारी कुंदाबाईकडे फोन करते आणि 'सगळं छान आहे' एवढंच सांगते. नाना म्हणतात, "नुरा शे ती." नुरा म्हणजे कोण पडणार ते आधीच ठरवून केलेली कुस्ती. पहिलवानाच्या लेखी ते शेण खाणं. ते म्हणतात सगळं खोटं, मी म्हणते खोटं असतं तर पोरीच्या कपाळाला टेंगूळ कसं आलं? वर्षभर आमच्या घरात हाच वाद चाललाय.

रोहिणीला पत्र लिहिलं तर ती 'छान आहे'च म्हणणार. म्हणून तुला लिहिते. पुन्हा हात उगारशील तेव्हा ध्यानात ठेव, तिची आई बघतेय.

आणि जरा जेवत जा. दंड एवढाले नि गाल बसलेले, कसं दिसतं ते.

प्रमिलाबाई


जळगाव
३० ऑगस्ट २०२४

गिरणेच्या लेकीच्या आईस,

वाघीण कुणाच्या आईला भीत नाही. तुमच्या लेकीला मी पुन्हा मारणार, खुर्ची मोडली तर टेबलाने मारणार. सकाळी उठल्या उठल्या चहात शिळी भाकरी कुस्करून खाणारी आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद करून झोपणारी ही पोर माझ्यापुढे काय टिकणार?

एक सांगते. तिच्या डाव्या खांद्याला मी हात लावणार नाही. दुखऱ्या जागी पंजा मारणं वाघिणीला शोभत नाही.

सातपुड्याची वाघीण

ता. क. चादरीवरचा चहाचा डाग लिंबू नि मीठ चोळून निघतो.


भडगाव
९ सप्टेंबर २०२४

वाघीणबाई,

डाग निघाला. मीठ जरा जास्त पडलं.

आता मला सांग, रोहिणी चहात भाकरी कुस्करते हे तुला कुणी सांगितलं? ते काही टीव्हीवर दाखवत नाहीत. पंख्याचंही नाही. आणि तिचा डावा खांदा निखळला होता हे तर आमच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नाही. पोरीला उद्या स्थळ बघायचं म्हणून नानांनी ते घराबाहेर जाऊ दिलं नाही.

तुझं पत्र मी दहा वेळा वाचलं. धमकी आहे खरी, पण वाचून मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली. हे काय आहे ते तूच सांग. तू तिची कोण आहेस?

प्रमिलाबाई


जळगाव
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

मावशी म्हटलं तर चालेल ना? माझं नाव रेशमा सिंगा पावरा. शिरपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी नि रोहिणी एका खोलीत राहतो, एकाच स्टोव्हवर भाजी करतो. फोन केला असता तर तिने ऐकलं असतं, म्हणून पत्र. हे कुणाला सांगू नका. बाहेर आम्ही वैरिणी दिसल्या पाहिजेत, असं आमच्या करारात आहे. बसस्टँडवर एकत्र चहा प्यायचीसुद्धा बंदी. ती एका टपरीवर उभी असते, मी समोरच्या.

नाना खोटं म्हणत नाहीत. कोण जिंकणार ते आधी ठरतं, आमचे मालक रुपचंद शेठ कागदावर लिहून देतात. पण मावशी, तुम्हीही खोटं म्हणत नाही. खुर्ची पाठीवर सपाट मारायची असते, म्हणजे आवाज मोठा नि मार कमी. कमी असतो, नसतो असं नाही. तिला डोक्यावरून उचलून टाकते तेव्हा तिची मान माझ्या तळहातात असते. माझा हात बोटभर हुकला तर ती उठणार नाही, हे तिला माहीत असतं आणि तरी ती अंग सैल सोडते. दिवसभर आम्ही तेवढंच घोटतो. टेंगूळ आलं ती माझी चूक होती, घामाने हात निसटला. रात्री तिला बर्फ लावताना मीच रडले आणि ती माझी समजूत काढत बसली.

वाघिणीचं म्हणाल, तर मी अजून एकही वाघ पाहिलेला नाही. बाबांबरोबर मोहाची फुलं वेचायला जायचे तेव्हा भीती अस्वलाची असायची. पण डोंगरातून आलेली पोर म्हटल्यावर शेठनी पहिल्याच दिवशी मला दुष्ट ठरवलं. लोक शिव्या देतात. सवय झाली.

रोहिणी नानांचं नाव घेत नाही. फक्त संध्याकाळी, गावी तालीम सुरू व्हायची त्या वेळेला, थोडा वेळ गप्प होते. मी मग भांडी मुद्दाम आपटते, म्हणजे ती माझ्यावर ओरडते.

तुमची
रेशमा


भडगाव
२८ ऑक्टोबर २०२४

चि. रेशमा,

तुला शिव्या दिल्या त्या मी परत घेतल्या. मनातल्या मनात दिलेल्या यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या, त्याही घेतल्या.

पण आज माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल कुंदाबाईकडे पाहिलं. डिसेंबरात धुळ्याला तुझी नि रोहिणीची शेवटची लढत, आणि जी हरेल तिचं डोकं तिथेच सगळ्यांसमोर भादरायचं! तुमच्या शेठला आई-बहीण आहे की नाही? आमच्याकडे बाईचे केस कधी काढायचे, ते मी तुला सांगायला नको. लग्नाची पोर ती.

नाना ओट्यावर बसले होते. कुंदाबाईचा टीव्ही केवढा मोठा, भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. जेवायला बसले, ताट पुढे सारलं आणि म्हणाले, "तिनं डोकं भादरं त ह्या उंबरावर पाय ठेवाना नही. सांगी दे तिले."

पोरी, तू त्यांना ओळखत नाहीस. बांधावरून सख्ख्या भावाशी, अभिमनशी, बोलणं सोडलं. अभिमनभाऊजी वारले तेव्हा तिरडी उचलायला गेले, पण जिवंतपणी शब्द टाकला नव्हता तो नाहीच. मनातून किती खंगले ते मी पाहिलंय. पण तोंडातून एकदा गेलं की त्यांना मागे घेता येत नाही. आजवर ते रोहिणीशी बोलत नाहीत, पण 'येऊ नको' असं कधी म्हणाले नव्हते. दाराला कडी नव्हती. आता ते कडी घालतायत.

तुझ्याकडे काय मागू? तिला जिंकू दे म्हणावं तर तुझे केस जातात, आणि तूही कुणाची लेक आहेस. माझ्या पोरीचं वाचावं म्हणून तुझं जावं, असं मागायला माझी जीभ रेटत नाही. काय मागायचं तेच न समजता लिहितेय.

मावशी


जळगाव
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

कागदावर रोहिणी हरणार आहे. तिने महिन्यापूर्वीच सही केली. मी तिला विचारलं, "घरी सांगितलंस?" तर म्हणाली, "घरचे विचारतात कुठे?" नानांनी काय म्हटलं ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती हट्टाने आजच डोकं भादरून घेईल. तुम्ही म्हणता नाना हट्टी, पण त्यांची ही लेक काही कमी नाही.

शेठकडे जाऊन आले. म्हटलं, बदला हे. ते म्हणाले, वाघिणीचे केस गेले तर लोक हसून घरी जातील, गिरणेच्या लेकीचे गेले तर रडतील, आणि रडलेला माणूस पुढच्या वेळी पैसे भरतोच. माणूस वाईट नाही, पण धंद्यापुढे त्याला दुसरं काही दिसत नाही.

मावशी, आठ डिसेंबरला तुम्ही धुळ्याला या. नानांना घेऊन या, कसंही करून आणा. कुंदाबाईच्या टीव्हीवर नको, समोर बसून बघा. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आणि घाबरू नका.

रेशमा


भडगाव
११ डिसेंबर २०२४

चि. रेशमास अनेक आशीर्वाद,

'घाबरू नका' असं तू लिहिलंस, म्हणून मी महिनाभर घाबरले. मला वाटलं, पोरगी माझी समजूत काढतेय, आता काही होत नाही.

नानांना कसं आणलं ते ऐक. आधी तुझी सगळी पत्रं त्यांच्यापुढे वाचली. ते गुडघा चोळत बसले. मग मी म्हटलं, "बठ्ठं खोटं शे म्हनतस ना? मंग खोट्याले काय घाबरतस?" तेव्हा उठले आणि टोपी घातली. वेचणीला आलेला कापूस टाकून निघालो.

तुला वरून दिसलं नसेल, आम्ही चौथ्या रांगेत होतो. तू आलीस तेव्हा अख्खं मैदान तुझ्या नावाने बोंबलत होतं. माझ्यामागची एक बाई तुला नाही नाही ते बोलली, तिला मी गप्प केलं. नाना मांडीवर हात ठेवून बसले होते. तू फेकलीस की 'नुरा', तिने फेकलं की 'नुरा', जपमाळ ओढावी तसं चाललं होतं. पण तू रोहिणीला डोक्यावर उचललंस तेव्हा त्यांची माळ थांबली. पुढे वाकले. "हात दख तिना," मला म्हणाले. "मान धरेल शे तिनी."

मग तू तिला पाडलंस. खांदे टेकले, पंचाने एक म्हटलं, दोन म्हटलं. मी डोळे मिटले. पुढचं मला नानांनी परतीच्या एसटीत सांगितलं, तेही तीन-तीनदा. तूच तिच्या खांद्याखाली हात घालून तिला वर उचललंस, स्वतः पालथीची उताणी झालीस, तिचा हात धरून आपल्याच छातीवर दाबलास. रोहिणी सुटायला बघत होती आणि तू सोडत नव्हतीस. "जिंकेल कुस्ती सोडी दिनी वं तिनी," म्हणाले. पंचाचा हात वरच्या वर राहिला होता. पण एवढ्या लोकांपुढे तो तरी काय करणार, तीन मोजावेच लागले.

मैदान नाचत होतं. तू आपल्या पायाने चालत जाऊन खुर्चीवर बसलीस. रोहिणीच्या हातात मशीन दिलं, तर ती ते परत द्यायला लागली. तूच तिचं मनगट धरून मशीन आपल्या कपाळाला लावलंस. तुझे ते लांब केस खाली पडायला लागले आणि माझ्या पोरीचे वाचले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, तर मी तोंडात पदर कोंबून रडत होते. मागची बाई म्हणाली, "तुमची कोण आहे ती?" मी म्हटलं, "भाची."

शेजारी बघते तर नाना जागेवर नाहीत.

तुमच्या लोकांनी जिंकणारीसाठी ताटात भगवा फेटा ठेवला होता. जत्रेच्या फडातला आमचा रिवाज, कुस्ती मारली की पहिलवानाला फेटा बांधायचा. नानांनी उभ्या आयुष्यात किती तरी बांधले नि बांधून घेतले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो ताटातून उचलला, त्या दोऱ्यांतून वाकून आत गेले, आणि रोहिणीला ओलांडून तुझ्या भादरलेल्या डोक्याला बांधायला लागले. हरलेल्या माणसाला फेटा बांधलेला मी तरी कधी पाहिला नाही. मग मागून कुणी तरी शिट्टी मारली आणि लोक उभेच राहिले.

तुझं काजळ सगळं गालावर आलं होतं, पोरी.

फेट्याचा शेव खोचताना ते तुझ्या कानाशी वाकून काही तरी बोलले आणि तू मान हलवलीस. काय म्हणाले? मी विचारून विचारून थकले, सांगत नाहीत. रोहिणीला तुमच्या लोकांनी आत नेली. नाना दारापाशी पाऊण तास उभे होते. ती बाहेर आली नाही आणि ह्यांनी आत निरोप पाठवला नाही. शेवटची एसटी होती, आम्ही निघालो. इतक्या जवळ जाऊन दोघं तशीच परत फिरली. अशाने माझा जीव जाईल एक दिवस.

तुला किती ओरडा बसला ते कळव. तुझ्या वडलांना काय वाटलं असेल, ते आठवून मला जेवण जात नाही.

मावशी


जळगाव
२० डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

आधी बाबांचं सांगते, म्हणजे तुम्ही जेवाल. बाबा पोट धरून हसले. म्हणाले, आता तुला शाळेत असताना होत्या तशा उवा तरी होणार नाहीत. मग थोडं थांबून म्हणाले, थंडी आहे, डोकं झाकून ठेव. मी म्हटलं, फेटा आहे.

शेठ तीन दिवस माझ्याकडे बघतही नव्हते. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की फेटा बांधतानाचा व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवतायत. आता ते सगळ्यांना सांगतात, ही कल्पना मुळात त्यांचीच. सांगू दे. माझी नोकरी राहिली.

रोहिणी मात्र माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. आमचं पहिलंच खरं भांडण. "तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणून ताट आपटलं. शेवटी तुमचं ऑक्टोबरचं पत्र मी तिच्या हातात दिलं. वाचून ती पाण्याची बादली घेऊन बाहेर गेली नि नळ वाहत असताना तशीच उभी राहिली.

आता नाना काय म्हणाले ते. मावशी, मला वाटलं होतं ते 'शाब्बास' म्हणतील. किंवा जिंकलेली कुस्ती सोडली म्हणून रागावतील. दोन वर्षं मी या कामात आहे. भेटेल तो माणूस एकच विचारतो, "हे खरं असतं की खोटं?" पोलीस विचारतात, रिक्षावाले विचारतात, दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरसुद्धा विचारतात. नाना फेट्याचा पीळ देत होते. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले,

"लागनं का वं, पोरी?"

मी म्हटलं, "नही, नाना."

"खोटं नको बोलू," म्हणाले. दोन बोटांनी माझी मान मागून दाबून पाहिली, तुमच्या गावच्या तालमीत पोरांची बघत असतील तशी. दुखत होतं तिथेच बोट पडलं. तेव्हा माझं काजळ गेलं, केसांमुळे नाही. मग त्यांनी शेव खोचला आणि रोहिणीकडे न बघता म्हणाले, "तिलेबी लागेल व्हई. तू ईचार. मी ईचारसू त सांगाव नही ती."

हे मी रोहिणीला काल सांगितलं. भांडणामुळे आधी सांगता आलं नव्हतं. तिने माझ्याकडून एक कागद मागून घेतला. सोबतचं तिने लिहिलंय, मी वाचलेलं नाही.

तुमची
रेशमा


नाना,

लागलंय. खूप लागलंय. वर्षभर लागतंय.

रविवारी सकाळच्या एसटीने येते.

रोहिणी